सात चौकांची दुरुस्ती

पंचवटीत हिरामण गोळेसरचं तोंड फारसं कोणाच्या लक्षात नसायचं, पण त्याचा आवाज पाळण्यातलं पोरसुद्धा ओळखायचं. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर अ‍ॅम्प्लिफायर, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात माईक. साड्यांचा सेल, नळाला पाणी नाही, दातांचं मोफत शिबिर, हरवलेली म्हातारी, सापडलेली म्हातारी, कोणाची दशक्रिया, कोणाचा सत्कार, सगळं त्याच्या तोंडून गावभर व्हायचं. सिन्नरकडून तरुणपणी आला तेव्हा खिशात काही नव्हतं, गळ्यात तेवढा हा आवाज होता. देव एकेकाला एकेक देतो. हिरामणला त्यानं गळा दिला आणि डोक्याचं पुढं बघू म्हणाला.

धंद्यात हिरामणचे दोन नियम होते. पहिला, मालेगाव स्टँडपासून दिंडोरी नाक्यापर्यंत सात चौक घ्यायचे आणि प्रत्येक चौकात तीनदा सांगायचं. एकदा लोकांनी मान वळवावी म्हणून, एकदा ऐकावं म्हणून आणि एकदा घरी जाऊन बायकोला सांगता यावं म्हणून. दुसरा, सांगण्यात चूक झाली तर त्याच सात चौकांत, तीन-तीनदाच, दुरुस्ती करायची. आणि दुरुस्ती फुकट.

हा दुसरा नियम गोटीराम गुरुजींमुळं आला. त्या दिवशी हिरामणच्या खिशात दोन कागद होते. एक गुरुजींच्या निवृत्तीच्या सत्काराचा, दुसरा सावळीरामबुवांच्या दशक्रियेचा. उन्हाळा, खिशात घाम, कागद एकमेकांना चिकटले आणि हिरामणनं वरचं अर्धं एकाचं आणि खालचं अर्धं दुसऱ्याचं वाचलं. धडधाकट गुरुजी सात चौकांत वारले आणि वारलेल्या सावळीरामबुवांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा गेल्या. दुपारी गुरुजी स्वतः येऊन रिक्षात बसले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "ज्या चौकात मारलंस, त्याच चौकात जिवंत कर," एवढंच म्हणाले. मग सातही चौकांत हिरामण बोलत होता आणि मागं गुरुजी उभं राहून लोकांना हात दाखवत होते. तेव्हापासून हा नियम हिरामणनं कधी मोडला नव्हता.

मोडला तो गेल्या मे महिन्यात.

सीमेवर चार दिवस लढाई पेटली होती. टीव्हीवरच्या निवेदकांनी संध्याकाळपर्यंत शत्रूची दोन-तीन शहरं जिंकली होती आणि सकाळी काही न सांगता ती परत केली होती. इतका पराक्रम चाललेला असताना आपण मागं का राहायचं, असं शेखरभाऊंना वाटलं. शेखरभाऊ म्हणजे वॉर्डातले होऊ घातलेले नगरसेवक. गेली आठ वर्षं ते होऊच घातलेले होते. त्यांनी हिरामणच्या हातात एक कागद दिला: ‘सावधान. शत्रूचे हस्तक आपल्या गल्लीत आले आहेत. रेडिओ दुरुस्तीच्या नावाखाली सीमेपलीकडे निरोप जात आहेत. अशा दुकानात पाऊल टाकू नका. जो टाकेल तो या देशाचा नव्हे.’

कागदावर नाव कोणाचंच नव्हतं. पण त्या भागात रेडिओ आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान एकच होतं, दिंडोरी नाक्यावरचं, इस्माईलभाईचं. त्या दुकानातून आजवर जळक्या वायरीचा वास तेवढा बाहेर गेला होता. निरोप पाठवायला इस्माईलकडं वेळ कुठं होता, त्याला तर गिऱ्हाइकाच्या फोनला उत्तर द्यायलाही होत नसे. आणि ज्या अ‍ॅम्प्लिफायरमधून हिरामण हे सांगत फिरत होता, तो इस्माईलनंच स्वतःच्या हातानं, एकेक तार जोडून, त्याला बांधून दिलेला होता.

हे हिरामणला कळत नव्हतं असं नाही. तिसऱ्या चौकातच कळलं होतं. पण लोक थांबून ऐकत होते, दुकानदार बाहेर येत होते, एकानं तर टाळ्या वाजवल्या. साड्यांच्या सेलला कधी कोणी टाळ्या वाजवत नाही. आवाजाला रंग चढला आणि माणूस त्याच्या मागं मागं गेला. सातव्या चौकात, दिंडोरी नाक्यावर, तिसऱ्यांदा सांगताना त्यानं दुकानाकडं पाहिलं. इस्माईलनं हातातल्या कामावरून एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

त्या दुकानावर कोणी दगड मारला नाही. नुसतं कोणी जाईना. गणपतीत मंडळांनी स्पीकर दुसरीकडं दिले. शाळेचा माईक दुसरीकडं गेला. वीस वर्षांचा दोस्त असून हिरामणही त्या पायऱ्या चढला नाही, आणि भेटलाच तर काय बोलायचं म्हणून नाक्यावरून जाताना तो पलीकडच्या फळगाड्यांकडं बघू लागला. त्याला सफरचंदाच्या भावात एवढा रस कधीपासून, हे फळवाल्यांनाही कळेना.

त्याची बायको मैना मात्र मिक्सर तिथंच न्यायची. आल्यावर ताटात चटणी वाढायची आणि म्हणायची, "खा. शत्रूच्या मिक्सरमधली हाय."

"मी काय केलं त्यात?" हिरामण म्हणायचा. "कागद त्यांचा. आपला नुसता आवाज."

मैना आणखी एक चमचा चटणी वाढायची. ती भांडली असती तर हिरामणला जड गेलं नसतं.

नवरात्रापासून अ‍ॅम्प्लिफायर घुं घुं करू लागला. साड्यांच्या सेलमागंही ती घुंघुं, दशक्रियेमागंही तीच. शहरातल्या चार मिस्त्र्यांनी तो उघडला, आत डोकावून पाहिलं आणि झाकण लावलं. "हे ज्यानं बांधलं त्याच्याकडं न्या," असं चौघांनीही सांगितलं. इकडं पालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. अख्ख्या वॉर्डाचा प्रचार शेखरभाऊ त्यालाच देणार होते. असा हंगाम आठ वर्षांनी येत होता आणि हिरामणचा भोंगा भुंग्यासारखा घोंगावत होता.

अशात एके दिवशी मैना पोळ्या करून परतली ती यशश्रीला बरोबर घेऊनच. रामकुंडाजवळच्या गंगाधरशास्त्र्यांची ही मुलगी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. मैना त्यांच्याकडं दहा वर्षं पोळ्या करत होती.

"काका, माझं एक काम आहे," यशश्री म्हणाली. "कॉलेजात अभिरूप खटल्याची स्पर्धा आहे. म्हणजे खोटं कोर्ट. आंतरराष्ट्रीय. आम्हाला आरोपी पाहिजे. बाहेरचा माणूस चालतो. आमचा आरोपी गोवर येऊन झोपलाय."

"कसला आरोपी?"

"युद्धाच्या काळात रेडिओवरून लोकांना भडकवणारा निवेदक. आवाज जबरदस्त पाहिजे. मैनामावशी म्हणाल्या, आमच्या घरात एक आहे."

हिरामणनं मैनाकडं पाहिलं. मैना मन लावून लसूण सोलत होती.

आवाज जबरदस्त एवढंच हिरामणच्या कानात राहिलं. तो तयार झाला, आणि तयार झाला म्हणजे कसा, लग्नातला कोट इस्त्रीला टाकला. यशश्री रोज संध्याकाळी येऊन त्याला खटला शिकवू लागली. देश काल्पनिक होता. त्याचं नाव हिरामणला तापावरच्या गोळीसारखं वाटायचं. त्या देशात लढाई चालू असताना रेडिओवाल्यानं रोज सांगितलं की नदीपलीकडून आलेल्या लोकांच्या भट्टीतला पाव खाऊ नका, त्यात विष आहे, ही माणसं नव्हेत, उंदीर आहेत, साफ करा. मग लोकांनी भट्ट्या पेटवल्या. माणसांसकट.

"पण ह्यानं स्वतः काडी लावली का?" हिरामणनं विचारलं.

"नाही लावली. तरी थेट आणि जाहीर चिथावणी हा वेगळा गुन्हा आहे. कोणी ऐकून काही केलं नाही तरी गुन्हा." यशश्री पानं उलटत म्हणाली. "आफ्रिकेत रवांडात रेडिओवाल्यांना अशाच शिक्षा झाल्या. काही जण म्हातारे होईपर्यंत आत."

"रेडिओवाल्यांना?" हिरामण पुढं सरकला. "आणि सुटलं नाय का कोणीच?"

"सुटला ना. जर्मनीत, मोठ्या युद्धानंतर. एक पेपरवाला फासावर गेला आणि एक रेडिओवाला सुटला. धोरण वरच्यांचं, हा खालचा माणूस, असं धरलं कोर्टानं. आपला बचाव तोच आहे, काका. ‘मी नुसता आवाज होतो.’"

हिरामणला ती मुलगी त्या क्षणी साक्षात सरस्वती वाटली. आपण पाच-सहा महिने घरात जे सांगतोय ते जगातल्या मोठ्या कोर्टानं केव्हाच मान्य केलेलं आहे, हे त्यानं मैनाला दोनदा ऐकवलं. मैनानं लसूण संपवून आलं घेतलं.

खटल्याच्या दिवशी कॉलेजचं सभागृह भरलेलं होतं. न्यायाधीश म्हणून निवृत्त न्यायाधीश इंदिराबाई आल्या होत्या. चष्मा नाकावर, डोळे चष्म्यावर. सरकारी बाजूला आल्हाद नावाचा पोरगेला वकील, त्याचा काळा कोट बहुतेक त्याच्या वडलांचा होता. पहिल्या रांगेत मैना बसली होती, नवी साडी नेसून.

हिरामणनं कमाल केली. आरोपीच्या पिंजऱ्यात, म्हणजे आडव्या लावलेल्या टेबलामागं, तो असा उभा राहिला की जणू सत्कारच आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माईकशिवाय दिलं तरी शेवटच्या रांगेतले दोघे जागे झाले.

"ही वाक्यं तुम्ही उच्चारली?" आल्हादनं विचारलं.

"उच्चारली. तीनदा."

"लिहिली कोणी?"

"वरच्यांनी. आपला नुसता आवाज."

यशश्रीनं हळूच मान डोलावली. आल्हाद अर्धा तास धडका मारत राहिला, हिरामण हलला नाही. उद्देश सिद्ध होईना. शेवटी आल्हाद घाम पुसत खाली बसला, आणि तेव्हा इंदिराबाईंनी चष्मा काढला.

"मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही निवेदन करता. कधी तुमच्या सांगण्यात चूक झालीच असेल. मग काय करता?"

हा प्रश्न यशश्रीच्या तयारीत नव्हता. पण धंद्यातला प्रश्न आला आणि हिरामण खुलला. तापाच्या गोळीचा देश विसरला, रेडिओ विसरला, वकील विसरला. गोटीराम गुरुजी सात चौकांत कसे वारले आणि सात चौकांत कसे उठले, हे त्यानं अभिनयासकट सांगितलं. सभागृह खो खो हसलं. आल्हादसुद्धा हसला. "बाईसाहेब, आपला नियम हाय," हिरामण शेवटी म्हणाला, "ज्या चौकात मारला, त्याच चौकात जिवंत करायचा. तीनदा. फुकट."

"चांगला नियम आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "मग ह्या पाववाल्यांची दुरुस्ती कधी केलीत?"

हिरामणची नजर पहिल्या रांगेकडं गेली. मैना त्याच्याचकडं बघत होती, रागानं नाही, स्टँडवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी तशी.

"तो कागद दुसऱ्याचा होता," तो पुटपुटला, आणि हे मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.

निकाल लागला. उद्देश संशयापलीकडं सिद्ध झाला नाही म्हणून आरोपी निर्दोष. यशश्रीच्या चमूला ढाल मिळाली. हिरामणला शाल, नारळ आणि एक प्रमाणपत्र मिळालं. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘उत्कृष्ट आरोपी’.

घरी आल्यावर मैनानं ते टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलं, बरोबर ताटासमोर. दोन दिवस हिरामण जेवताना ते वाचत होता. भाजी कुठलीही असो, समोर उत्कृष्ट आरोपी.

"सुटलो ना मी?" तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. "निर्दोष म्हणाल्या बाई."

"म्हणाल्या," मैना म्हणाली. "तो जर्मनीतला रेडिओवालाबी सुटला होता. पुढं काय झालं ते नाय विचारलं तुम्ही. मी विचारलं यशश्रीला. बाहेरच्या कोर्टानं सोडला, घरी गेला, आणि त्याच्याच माणसांच्या कोर्टानं धरून आत टाकला."

हिरामणनं घास खाली ठेवला. त्याला एकदम खूप लाज वाटली. कागद शेखरभाऊंचा होता हे खरं, पण तिसऱ्या चौकात जी मजा वाटली होती ती कोणाच्या कागदावर लिहिलेली नव्हती. ती त्याची स्वतःची होती.

"एक कोरा कागद दे," तो म्हणाला.

आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं होतं. स्वतःचा कागद लिहायला त्याला अख्खी संध्याकाळ लागली. ‘कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर’ अशी त्यानं झोकात सुरुवात केली. मैनानं ते वाचलं आणि पेन मागितलं. "असतील तर काय? दुखावल्यात. सहा महिने झाले," ती म्हणाली आणि पहिली ओळ खोडली. मग दुसरीही खोडली. उरलं ते चार ओळींचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिक्षा मालेगाव स्टँडला उभी राहिली. भोंगे घुं घुं करत होते. हिरामणनं कागद समोर धरला.

"दुरुस्ती. मे महिन्यात याच चौकात मी सांगितलं होतं की रेडिओच्या दुकानातून शत्रूला निरोप जातात. ते खोटं होतं. कागद दुसऱ्याचा होता, आवाज माझा होता. दिंडोरी नाक्यावरच्या इस्माईलभाईचं मी वाईट केलं. त्यांच्या दुकानात पाऊल टाका. हिरामण गोळेसर."

तीनदा. लोकांनी माना वळवल्या. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एकानं विचारलं, सेल कुठं आहे.

पंचवटी कारंजाच्या चौकात दोघे-चौघे हसले, एकानं शिवी दिली. चौथ्या चौकात शेखरभाऊ मोटारसायकलवरून आडवे आले.

"हिरामण, हे काय लावलंय? निवडणुकीच्या तोंडावर?"

"दुरुस्ती हाय, भाऊ. पैसे नाय पडणार तुम्हाला."

"प्रचाराचं काम विसर मग."

आठ वर्षांचा हंगाम होता तो. पण चौथ्या चौकात त्याचं अजून दोनदाच सांगून झालं होतं. "एक मिनिट, भाऊ," असं म्हणून त्यानं माईक तोंडाला लावला आणि शेखरभाऊंच्या कानाशी तिसऱ्यांदा सांगितलं. घुंघुंसकट.

निमाणीच्या चौकापर्यंत आवाज फाटायला लागला. दिंडोरी नाक्याला पोचला तेव्हा भोंग्यातून शब्द कमी आणि खरखर जास्त येत होती. फळगाड्यांकडं न बघता त्यानं रिक्षा दुकानाच्या समोर लावली. इस्माईल आत मान खाली घालून काही तरी जोडत बसला होता. हिरामणनं पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ‘वाईट केलं’पाशी अ‍ॅम्प्लिफायरमधून फट्ट आवाज झाला, बारीक धूर निघाला आणि सगळं शांत झालं. नाक्यावर पहिल्यांदाच एवढी शांतता झाली असेल.

ती ओळ त्यानं नुसत्या गळ्यानं पूर्ण केली. मग काय करावं ते कळेना. माईक हातात धरून तो रस्त्यात उभा राहिला, भर बाजारात पैजामा सुटलेल्या माणसासारखा.

इस्माईल दुकानाच्या दाराशी आला. दाढी पांढरी झाली होती. मे महिन्यात एवढी नव्हती.

"दोन झाले," तो म्हणाला. "तीन असतात तुझे. त्या दिवशी मोजले होते मी."

"मशीन बसलं, इस्माईलभाई."

"दिसलं. वास आला."

"इथंच बघतोस का जरा? उघडून?"

"रस्त्यावर मशीन नाय खोलत मी," इस्माईल म्हणाला. "दुकान कायको है? आत आण."

तीन पायऱ्या होत्या. नाक्यावरचे सगळे बघत होते, फळवाले, रिक्षावाले, आणि मोटारसायकल थोडी लांब लावून शेखरभाऊही. हिरामणनं गरम अ‍ॅम्प्लिफायर पोटाशी धरला, आणि ज्या दुकानात पाऊल टाकू नका म्हणून त्यानं सात चौकांत एकवीसदा सांगितलं होतं, त्या दुकानात पाऊल टाकलं. पायरीवर धूळ होती. तिच्यावर त्याचे ठसे उमटले आणि त्याला रडू आलं, पण दोन्ही हात गुंतलेले असल्यानं डोळे पुसता आले नाहीत.

इस्माईलनं झाकण उघडलं. चार मिस्त्र्यांना न सापडलेली तार त्याला बघताक्षणी दिसली, कारण ती त्यानंच जोडली होती. पाऊण तासात ती पुन्हा जोडून झाली. मग त्यानं रिक्षापर्यंत लांब वायर ओढली, भोंगे जोडले आणि दुकानातल्या स्टुलावर माईक ठेवला.

"बोल. तिसरा राहिलाय."

हिरामण बोलला. घुंघुं गेली होती. सगळ्या नाक्यावर शब्द न् शब्द स्वच्छ गेला. ‘पाऊल टाका’ म्हणताना त्यानं बाहेर पाहिलं, तर पायरीपाशी मैना उभी होती, मिक्सर काखेत घेऊन, आणि तिच्यामागं एक फळवाला, हातात जुना रेडिओ.

हिरामणनं माईक खाली ठेवला. माफी मागावी की पाणी, हे त्याला ठरवता येईना. इस्माईलनं पुढं वाकून अ‍ॅम्प्लिफायरचं एक बटण थोडंसं डावीकडं फिरवलं.

"ट्रेबल जास्त होतं, कानाला टोचत होतं," तो म्हणाला. "मे महिन्यातच सांगणार होतो. तू आलाच नाहीस."